लालपरीचा गंज आणि त्यावरचा रंग

भूमची ती बस आठवते का?

२०२३ चं अर्थसंकल्पी अधिवेशन चालू होतं. आपल्या भूम आगाराच्या एका एसटीचा फोटो राज्यभर फिरला. खिडक्या मोडलेल्या, बॉडीची पार रया गेलेली, आणि त्याच बॉडीवर सरकार किती गतिमान आहे याची जाहिरात. तेव्हाचे विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी तो विषय थेट विधानसभेत काढला. हशा झाला, टीका झाली, टीव्हीवर दोन दिवस चर्चा झाली. आणि शेवटी कारवाई काय? एसटीच्या तीन कर्मचाऱ्यांचं निलंबन.

दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, दुसरं काय!

त्या सगळ्या गदारोळात सत्ताधारी बोलले, विरोधक बोलले, आपण सगळे फेसबुकवर बोललो. फक्त एक प्रश्न कुणी विचारला नाही. त्या बसची बॉडी त्या अवस्थेला पोचलीच कशी? पत्रा एका रात्रीत सडत नाही. त्याला वर्षं लागतात. त्या वर्षांत ती गाडी किती वेळा धुतली गेली, किती वेळा रंगली, किती वेळा पासिंगला गेली? मग सडताना कुणाला दिसली कशी नाही?

आज त्याच विषयावर लिहितोय. पोस्ट लांब आहे. पण आपल्या जिल्ह्यात एसटीशिवाय ज्यांचं पान हलत नाही अशा प्रत्येकानं वाचावी. भूम, परंडा, वाशी, कळंब, लोहारा, उमरगा. यातल्या एकाही तालुक्याच्या गावात रेल्वे स्टेशन नाही. कॉलेजची पोरगी असो, दवाखान्याला निघालेली आजी असो, नाहीतर बाजाराला निघालेला शेतकरी, गाडी एकच. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं, त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास. चांगलंच झालं. पण मग जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ पण झालीच की. पैसे घेताना टक्केवारी दशांशापर्यंत मोजता, मग पत्रा किती मिलिमीटर उरलाय हे पण मोजा ना.

*गंज लागतो कसा, हे आधी समजून घ्या*

लोखंड, पाणी आणि हवा. तिघं एकत्र आले की गंज. यातला एक जरी बाजूला काढला तरी गंज थांबतो. रंगाचं काम एवढंच, की पाणी आणि हवा लोखंडापर्यंत पोचू द्यायची नाही.

लोक म्हणतात, आपल्याकडं कुठं कोकणासारखा पाऊस आणि खारं वारं, आपल्याकडं गाड्या कशाला गंजतील? तर गंज किती पाऊस पडतो यापेक्षा पाणी किती वेळ साचून राहतं यावर ठरतो. आणि आपल्याकडं पाणी साचवायला काळी माती आहे. पावसाळ्यात गावच्या रस्त्यावरून आलेली गाडी बघा. मडगार्डच्या आत, पायऱ्यांच्या खाली, चॅनेलच्या खोबणीत चिखल लिंपून बसलेला असतो. वरून वाळलेला दिसतो, आतून पंधरा-पंधरा दिवस ओला. ओल्या फडक्यात विळा गुंडाळून ठेवल्यावर जे होतं तेच तिथं होतं.

दुसरं, गाडी धुतो ते बोअरचं पाणी. क्षार भरपूर. क्षाराचं पाणी साध्या पाण्यापेक्षा लोखंड लवकर खातं. तिसरं, गाडीत आणि गाडीवरून जाणारा माल. खताच्या गोण्या, मिठाच्या पिशव्या. युरियाची गोणी फुटली, दाणे फळ्यांच्या फटीत गेले, वरून पावसाचं पाणी गळलं, झालं काम. चौथं, बॅटरीच्या खणाभोवती सांडणारं ॲसिड. आणि पाचवं, कुणाला आवडो न आवडो, खिडकीतून मारलेल्या पिचकाऱ्या. खिडकीच्या खालच्या पट्टीत ते सगळं मुरतं आणि तिथून पत्रा फुगायला लागतो. एसटी सडण्यात आपला पण वाटा आहे, तो आपल्या तोंडातून जातो.

आणि सहावं कारण म्हणजे उभी गाडी. चालती गाडी वाऱ्यानं वाळते, उभी गाडी सडते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पावसाळ्यातले कितीतरी दिवस गाड्या आगारात उभ्या होत्या. त्यानंतर २०२१ च्या शेवटी सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. पुन्हा गाड्या उभ्या. संप कुणाचा बरोबर, कुणाचा चूक हा विषय इथं नाही. पत्र्याला राजकारण कळत नाही, त्याला फक्त ओल कळते.

*वरून कीर्तन, आतून तमाशा*

आता आपल्याकडं यावर इलाज काय करतात? आणि हे फक्त एसटीचं नाही. खासगी ट्रॅव्हल्स, शाळेच्या गाड्या, तुमच्या-माझ्या घरच्या जीप-कार, सगळीकडं तेच.

पत्र्यावर फोड आला. वायर ब्रशनं दोन हात मारले. भोक पडलं असलं तर वरून पत्र्याचं ठिगळ ठेवून टाके मारले. त्यावर पुट्टी, पॉलिश पेपर, रेडऑक्साइडचा एक हात आणि वर झकास लाल रंग. गाडी नवरीसारखी दिसते. पासिंगला जाते, पास होते. पासिंगमध्ये ब्रेक बघतात, लाइट बघतात, टायर बघतात. आतल्या पॅनेलच्या मागचा खांब कोण उघडून बघतंय?

आणि गंज आत तसाच. उलट पुट्टीनं त्याला पांघरूण मिळालं. पुट्टी ओल शोषून धरते. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं, म्हणून ते आतून रंगाला, पुट्टीला, शेजारच्या जोडाला ढकलायला लागतं. म्हणून तर सहा महिन्यांत त्याच जागी फोड परत. मग पुन्हा पुट्टी, पुन्हा रंग. प्रत्येक वेळी वरचा थर जाड होत जातो आणि खालचं लोखंड पातळ. शेवटी गाडी पुट्टीवर उभी राहते.

रेडऑक्साइडबद्दल पण एक गैरसमज आहे. आपल्याकडं रेडऑक्साइड मारला म्हणजे गंज थांबला असं धरून चालतात. साधा रेडऑक्साइड प्रायमर सच्छिद्र असतो. त्याच्यावर वेळेत पक्का रंग चढवला नाही तर तो ओल आत घेतो. महिनाभर नुसत्या रेडऑक्साइडमध्ये पावसात उभी असलेली ट्रॉली बघितली असेल तुम्ही. लाल रंगाच्या खालून दुसरा लाल रंग यायला लागतो. तो प्रायमरचा नसतो, गंजाचा असतो.

तीच गोष्ट गाडीखाली मारलेल्या डांबराची. स्वच्छ, कोरड्या, प्रायमर मारलेल्या लोखंडावर डांबराचा थर उत्तम. पण गंजावर आणि चिखलावर मारलं तर ते झाकण होतं. आत ओल कोंडते, आणि बाहेरून काळंभोर, एकसारखं, छान दिसतं. काढून बघितल्याशिवाय काही कळत नाही.

*मग खरं काम कसं असतं?*

कुठल्याही जुन्या, इमानदार डेंटरला विचारा, तो हेच सांगेल. थोडं तपशिलात लिहितो, कारण हा तपशील माहीत नसला की आपल्याला कुणीही रंग दाखवून गुंडाळतं.

१) आधी उघडं करा. सीटा, काचा, रबर, खालच्या फळ्या, आतले पॅनेल सगळं बाहेर. रिवेट ड्रिलनं काढून बाहेरचा पत्रा उतरवा. नुसता सांगाडा राहिला पाहिजे. इथंच निम्मं सत्य बाहेर येतं. खिडकीखालचे खांब, पायरीची चौकट, मागच्या चाकावरची कमान आणि फळ्यांखालचे आडवे चॅनेल या चार जागा आधी बघा.

२) जुना रंग, पुट्टी, गंज सगळं चकाकत्या लोखंडापर्यंत काढा. जाड सांगाड्याला दाबाच्या हवेनं खर मारून साफ करतात, ते चांगलं. पातळ पत्र्यावर तसं मारलं तर पत्रा लाटांसारखा वाकडा होतो. तिथं रंग काढायचं रसायन किंवा हलक्या हातानं ब्रश. एक गोष्ट ठळक लिहितो: कोरडी वाळू मारायची नाही. वाळूची धूळ फुफ्फुसात बसते, सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. गाडीचा गंज काढताना माणसाची छाती सडवायची नाही.

३) हातोडी आणि टोच्या घेऊन प्रत्येक खांब ठोकून बघा. चांगलं लोखंड खणकन वाजतं, सडकं भद् करतं. जे सडलंय ते कापून काढा आणि त्याच मापाचा, त्याच जाडीचा तुकडा पूर्ण वेल्डिंगनं बसवा. ठिगळ वर ठेवायचं नाही. ठिगळाच्या आणि जुन्या पत्र्याच्या मध्ये जी फट राहते, तिथूनच पुढचा गंज.

४) उघडं लोखंड रात्रभर ठेवायचं नाही. पावसाळी हवेत काही तासांत त्यावर पिवळट झाक येते. साफ केलं, पुसलं, फॉस्फेटचा हात मारला, वाळवलं आणि त्याच दिवशी प्रायमर. शक्यतो जस्ताचा नाहीतर इपॉक्सी. जस्ताची गंमत अशी की रंगाला ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजतं, लोखंड वाचतं. घरचा मोठा भाऊ जसा आधी स्वतः झळ सोसतो, तसं.

५) जोड बंद करा. दोन पत्रे जिथं एकमेकांवर येतात तिथं वेल्डिंगच्या आधीच आतून प्रायमर आणि नंतर वरून सीलर. गंज सपाट जागी कमी आणि जोडात जास्त लागतो.

६) पोकळ पाइपाच्या आत मेण. आपल्याकडं हे सगळ्यात जास्त राहून जातं. बसचा सांगाडा चौकोनी पोकळ पाइपांचा असतो. बाहेरून तुम्ही कितीही रंगवा, तो आतून सडतो. लांब नळीच्या फवाऱ्यानं आत पातळ मेण मारतात, ते प्रत्येक सांध्यात झिरपतं.

७) आणि शेवटचं, फुकटातलं काम. पाणी जायची भोकं मोकळी ठेवा. दाराच्या खाली, पायरीखाली, खिडकीच्या पट्टीत कंपनीनं भोकं दिलेली असतात. चिखलानं, रंगानं, पुट्टीनं ती बुजतात. एक तार घेऊन महिन्यातून एकदा ती भोकं साफ केली तरी गाडीचं आयुष्य वाढतं. याला ना निविदा लागते, ना मंत्रालयाची मंजुरी.

हे सगळं चिकलठाण्याच्या कार्यशाळेतल्या लोकांना मी शिकवायची गरज नाही. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा या एसटीच्या तिन्ही मध्यवर्ती कार्यशाळांनी वर्षानुवर्षं बसच्या बॉड्या बांधल्यात. १ जून १९४८ ला पुणे–नगर अशी पहिली एसटी धावली तेव्हा तिची बॉडी लाकडाची होती आणि वर कापडी छत होतं. तिथपासून आजच्या गाडीपर्यंतचा प्रवास याच हातांनी केलाय. कसब आहे. ते वापरायला वेळ, माल आणि माणसं देत नाहीत, दुखणं ते आहे.

*ॲल्युमिनियमची गोष्ट*

काही जण म्हणतील, आपली जुनी लालपरी तर ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, ती कुठं गंजते? अर्धं बरोबर. ॲल्युमिनियमला तांबडा गंज येत नाही. पण आतला सांगाडा लोखंडाचाच. आणि दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटले, मध्ये ओल आली, की छोटी बॅटरीच तयार होते. त्यात झिजतं कोण? ॲल्युमिनियम. स्क्रूच्या, बोल्टाच्या भोवती पांढरी पूड दिसते ना, ती हीच. भोक मोठं होत जातं, पकड सुटत जाते, पत्रा खडखडायला लागतो. आपण म्हणतो, ‘गाडी लई वाजायलीय.’ ती वाजत नसते बाबांनो, ती सुटत असते. यावर उपाय जुनाच आहे: दोन धातूंच्या मध्ये प्रायमर आणि रबराची नाहीतर टेपची पट्टी.

जुलै २०२३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात अहेरी आगाराच्या धावत्या बसचं छत एका बाजूनं उचकटून पतंगासारखं हलताना सगळ्या देशानं बघितलं. त्या गाडीचं नेमकं काय झालं होतं ते तपासणाऱ्यांनी बघावं. पण छत एका वाऱ्यानं उडत नाही, एवढं कळायला इंजिनिअर व्हायला लागत नाही. त्याआधी कितीतरी दिवस ते खडखडत असणार.

गेल्या काही वर्षांत एसटीनं ॲल्युमिनियमऐवजी माइल्ड स्टीलच्या बॉड्या घ्यायला सुरुवात केली. कारण रास्त आहे. अपघातात ॲल्युमिनियमचा पत्रा कागदासारखा फाटतो, स्टील टिकतं. गाडी पलटी झाली तर आतल्या माणसांभोवतीची जागा चेपता कामा नये, यासाठी देशात बस-बॉडीचे वेगळे नियम आहेत. पण ही सगळी मजबुती खांबाच्या जाडीवर उभी आहे. खांब आतून निम्मा सडला की कागदावरची चाचणी कागदावरच राहिली. म्हणजे स्टीलची गाडी आली, सुरक्षितता वाढली आणि गंजाची जबाबदारी पण वाढली. पहिली गोष्ट भाषणात येते, दुसरी येत नाही.

*‘एवढं कुठं परवडतं?’*

हा प्रश्न येणारच, आणि तो खोटा नाही. गाडी कार्यशाळेत महिनाभर अडकली की तेवढे किलोमीटर बुडाले, उत्पन्न बुडालं, वरून फोन आला. आगार व्यवस्थापक बिचारा काय करेल? त्याला रोजच्या फेऱ्या भरायच्यात. नवरात्रात आणि कोजागिरीला तुळजापूरची गर्दी सांभाळायची आहे. अशा वेळी जी गाडी चालते ती मार्गावर जाते. म्हणूनच मी म्हणतो, निलंबन हा इलाज नाही. ज्याच्या हातात ना सुटे भाग, ना वेळ, ना माणूस, त्याला घरी बसवून पत्रा जुळत नाही.

पण जगात हे कुणी केलंच नाही असं नाही. लंडनची ती प्रसिद्ध लाल दुमजली बस, रूटमास्टर. १९५० च्या दशकात रस्त्यावर आली आणि नेहमीच्या सेवेतून शेवटची गाडी निघाली ती डिसेंबर २००५ मध्ये. जवळपास पन्नास वर्षं! आणि तिकडं हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणजे गंजासाठी पंचपक्वान्नच. मग टिकली कशी? आल्डनहॅम नावाची त्यांची एक कार्यशाळा होती. ठरलेल्या वर्षांनी प्रत्येक गाडी तिथं जायची. बॉडी खालच्या भागापासून वेगळी काढायचे, भल्या मोठ्या चौकटीत अडकवून आडवी फिरवायचे आणि खालची बाजू माणसाच्या डोळ्यासमोर आणून साफ करायचे. गाडी बिघडली म्हणून नाही, तारीख आली म्हणून. ते श्रीमंत होते म्हणून हे जमलं असं म्हणू नका. नवीन गाडी घेण्यापेक्षा जुनी नीट ठेवणं स्वस्त पडतं, हा हिशोब त्यांनी केला होता. आपल्या आजीला पण तो येत होता. ती तव्याला तेल लावून ठेवायची.

दुसरा मुद्दा: ‘१५ वर्षांनी गाडी भंगारातच जाणार, मग एवढा खर्च कशाला?’ बरोबर, १ एप्रिल २०२३ पासून केंद्राच्या नियमानं १५ वर्षांवरच्या सरकारी आणि एसटीसारख्या महामंडळांच्या गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही. पण १५ वर्षं ही कमाल मर्यादा आहे. आठव्या वर्षी जिचा सांगाडा गेला ती उरलेली सात वर्षं कुणाच्या जिवावर चालवायची? कंडक्टरच्या, ड्रायव्हरच्या आणि आपल्याच ना?

तिसरा मुद्दा: ‘आता नवीन गाड्या येतायत.’ येतायत, आणि आनंदच आहे. २०२४ मध्ये अशोक लेलँडला २,१०४ बसची ऑर्डर गेली, नंतर आकडा आणखी वाढला. त्या गाड्या कंपनीतूनच पूर्ण बांधून येतात. पाच वर्षांत २५ हजार बस घेण्याची घोषणा झाली आहे. पण मंडळी, नव्याचे नऊ दिवस. नव्या गाडीचा गंज नव्या गाडीसोबतच येतो. पहिल्या पावसाळ्यात चिखल बसला, भोक बुजलं, पायरीच्या कडेचा रंग उडाला, तिथून उलटी गणती सुरू. आज ज्या गाड्यांसमोर नारळ फोडून फोटो काढले, त्यांचाच दहा वर्षांनी भूमसारखा फोटो निघू नये असं वाटत असेल, तर काम आज सुरू करावं लागेल. आणि बॉडी बाहेरून बांधून येणार असेल, तर आपल्या कार्यशाळांच्या हातातलं कसब कशात लावायचं? माझं उत्तर सरळ आहे: गंज रोखण्यात आणि सांगाडे वाचवण्यात.

*आपल्या जिल्ह्यापुरतं काय मागायचं?*

जानेवारी २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्याचे पालकमंत्री झालेले प्रताप सरनाईक हेच राज्याचे परिवहन मंत्री. असा योग वारंवार येत नाही. लग्नघरचा आचारी आपलाच पाहुणा निघाला, तर आपण उपाशी का बसायचं? म्हणून या मागण्या. धाराशिव विभागाच्या सहा आगारांसाठी, म्हणजे धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम आणि परंडा.

एक. प्रत्येक पावसाळ्याच्या आधी आणि नंतर प्रत्येक गाडीची बॉडी-तपासणी. खालून, पायरीतून, फळी उचलून. वरवर बघून नाही. त्याचा साधा तक्ता करा: गाडी नंबर, कुठं गंज, काय केलं, कुणी केलं. तो आगारात सगळ्यांना दिसेल असा लावा.

दोन. रंग मारायच्या आधी उघड्या सांगाड्याचा फोटो. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, पैसा लागत नाही. फोटो नाही तर रंगाचं बिल नाही, एवढा एकच नियम केला तरी पुट्टीचा कारभार निम्मा कमी होईल.

तीन. विभागीय कार्यशाळेत कायम दोन-तीन गाड्या ठरलेल्या पाळीनं बॉडीच्या कामाला. त्यांचे किलोमीटर बुडाले म्हणून आगार व्यवस्थापकाला जाब विचारायचा नाही. त्या बदल्यात राखीव गाडी द्यायची.

चार. आपल्या आयटीआयमधून निघालेली वेल्डर आणि मोटार मेकॅनिकची पोरं. एसटी शिकाऊ उमेदवार घेतेच. त्यांना झाडू आणि टायरपुरतं ठेवू नका. गंज काढणं, तुकडा बसवणं, प्रायमर, मेण हे शिकवा. उद्या हायवेला स्वतःचं गॅरेज टाकलं तरी हे कसब त्यांच्या घरी चूल पेटवेल. आणि मास्क, चष्मा, हातमोजे द्या. थिनरचा वास आणि धूळ हा कामाचा भाग नाही.

पाच. नव्या गाड्यांच्या करारात बॉडीच्या गंजाची हमी किती वर्षांची आहे ते जाहीर करा. नसेल तर पुढच्या ऑर्डरला घाला. नाहीच सांगितलं, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

सहा. बसच्या अंगावर जाहिरात लावायची असेल तर लावा, महामंडळाला उत्पन्न पाहिजेच. पण त्या उत्पन्नातला ठरलेला हिस्सा त्याच आगाराच्या बॉडीकामाला द्या. ज्या पत्र्यावर जाहिरात चिकटवता, तो पत्रा तरी जागेवर राहू द्या.

*आणि आपण?*

सगळं सरकारवर ढकलून मोकळं व्हायचं नाही. पिचकारी बंद. गाडीत खताची फुटकी गोणी टाकायची नाही. पायरी लडबडली, खिडकीची पट्टी सुटली, छतातून पाणी गळतंय असं दिसलं तर नुसता व्हिडिओ काढून हसू नका. गाडीचा नंबर, आगार, तारीख लिहून आगारात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. व्हिडिओ दोन दिवस फिरतो, पोच फाइलमध्ये राहते. ड्रायव्हर-कंडक्टरशी भांडू नका. गळणाऱ्या छताखाली तो रोज बसतो, तुम्ही तासभर.

घरी जुनी जीप, ट्रॅक्टरची ट्रॉली, कार असेल त्यांनी पण पावसाळ्याच्या आधी एकदा खाली वाकून बघा. रंगाला फुगा दिसला तर नखानं दाबा. आत करकर वाजलं तर समजा, पुट्टीवाल्याकडं नाही, पत्रा उघडून बघणाऱ्याकडं जायची वेळ झाली. सेकंडहँड गाडी घेताना नवा कोरा रंग दिसला की खूश होण्याआधी एक लोहचुंबक फिरवा. पुट्टीच्या जाड थरावर तो चिकटत नाही. पाच रुपयांचं चुंबक लाखाची फसवणूक वाचवतं.

२०२३ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव बदललं. गाड्यांवरची, फलकांवरची ‘उस्मानाबाद’ ही अक्षरं खरवडून ‘धाराशिव’ लिहिलं गेलं. नावावर कुणाचं काय मत आहे ते ज्याचं त्याच्यापाशी. मी एवढंच म्हणतोय की खरवडायला पत्रा हातात घेतलाच होता, तर अक्षराच्या खालचा गंज पण खरवडायचा होता. अजून वेळ गेलेली नाही. पावसाळा दरवर्षी येतो.

पोस्ट पटली तर आपल्या तालुक्याच्या ग्रुपवर टाका. एसटीत काम करणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना आवर्जून वाचायला द्या. माझ्या मागण्यांत काही कमी-जास्त असेल तर ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील, कारण त्या गाडीखाली रोज तेच झोपतात, हातात पाना घेऊन.

#लालपरी #धाराशिव #आधी_गंज_काढा_मग_रंग_मारा